सांगलीहून मानवी हक्क आयोगाकडे: तक्रारसेवा कशी आहे?

शुल्क शून्य, वकील लागत नाही, मराठीतला अर्ज चालतो. विश्रामबागेतून असो वा जतहून, तक्रार ऑनलाइन किंवा टपालाने जाते. सोय उत्तम, पण दात बोथट: आयोग शिफारस करतो, आदेश देत नाही.

अर्ज बाद होतो तो बहुतेक अर्जदाराच्याच चुकीने. घटनेला एक वर्ष उलटलेले, प्रकरण न्यायालयात चालू, निनावी पत्र, किंवा बांधावरून भावकीचा वाद. सरकारी नोकराने हक्क मोडला किंवा मोडताना डोळेझाक केली, हे स्पष्ट दिसले पाहिजे. तारीख, ठिकाण, पोलीस ठाणे, अधिकाऱ्याचे पद आणि कागदांच्या प्रती जोडा; एवढे दोन पानांत मावते. मुंबईच्या राज्य आयोगाकडे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे एकदमच अर्ज करू नका. राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणाची चौकशी दिल्लीचा आयोग करू शकत नाही.

राष्ट्रीय आयोगाचे ‘आंतरराष्ट्रीय सदस्यत्व’ ऐकून भुलू नका. आशिया-पॅसिफिक फोरम, म्हणजे या भागातल्या देशांच्या राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांचा संघ, १९९६ मध्ये स्थापन झाला आणि भारताचा आयोग त्याच्या चार संस्थापकांपैकी एक. पूर्ण सदस्यत्वासाठी पॅरिस तत्त्वे, म्हणजे सरकारपासून स्वातंत्र्य, सर्वसमावेशक नेमणुका, पुरेसा निधी, पाळावी लागतात. फोरम संस्थांना प्रशिक्षण देतो. तुमच्या अर्जावर तिथे अपील नाही. राज्य आयोग तर त्याचे सदस्यच नाहीत. (सांगलीकराला याचा उपयोग एवढाच की आयोगाच्या स्वातंत्र्यावर प्रश्न विचारायला एक मोजपट्टी मिळते.)

पोच मिळाली की तिच्यावरचा डायरी क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) जपून ठेवा, पुढची सगळी विचारणा त्यावरच होते.