टॉर्चचा सेल: यूएसबी केबल की वेगळा चार्जर?

टॉर्चलाच यूएसबी पोर्ट असेल तर त्यातला रिचार्जेबल लिथियम-आयन सेल चार्ज करायला बाहेर काढायची भानगडच नाही. केबल लावली की झालं. ट्रेकला पॉवर बँकेवरही भागतं. पण पोर्टवरचं रबरी झाकण नीट बसलं नाही तर पावसात पाणी आत गेलंच म्हणून समजा.

वेगळ्या चार्जरला पैसे जास्त पडतात, तरी मला तोच पटतो. सेल हातात येतो, त्यामुळे वरचं प्लास्टिक फाटलंय का ते दिसतं. ते बघायलाच हवं: धन टोकाच्या बटणाभोवतीची धातूची कडा ऋण असते, तिथे प्लास्टिक फाटलं तर शॉर्ट व्हायला कितीसा वेळ! शिवाय चांगल्या चार्जरवर करंट निवडता येतो. २६०० एमएएचच्या १८६५० सेलला (हे आकाराचं नाव: १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) १ अँपिअर ठीक. ७५० एमएएचच्या, त्याहून छोट्या १४५०० सेलला तो जास्तच, ०.३५ च्या आसपास ठेवावा. पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट. महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर ३.७ च्या आसपासच थांबवा आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीत तर नकोच.

घरात एकच टॉर्च, तोही लाइट गेल्यावरच लागणार, तर मात्र केबलवालाच घ्या.