उंची जास्त आणि क्लिअरन्स हातात: होल्डमध्ये आणखी एक फेरी की थेट खाली?

अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर विमान उडवण्याची पात्रता) करणाऱ्या आपल्या मुलांना हा पेच हमखास पडतो. तुम्ही होल्डमध्ये (वाट पाहत घालायच्या लांबट फेऱ्यांत) ५,००० फुटांवर आहात, फिक्सवर (फेरी जिथे सुरू होते आणि संपते त्या ठरलेल्या बिंदूवर) पोहोचतच आलात आणि कंट्रोलर अप्रोचचा क्लिअरन्स, म्हणजे उतरण्याच्या मार्गाला लागायची परवानगी, देतो. चार्टवर होल्डची किमान उंची ३,००० फूट. पुढे ५ सागरी मैलांवर फायनल अप्रोच फिक्स (धावपट्टीकडचा शेवटचा उतार सुरू होतो तो बिंदू), तिथे २,००० फूट हवेत.

आधी आकडेमोड. ग्राउंड स्पीड (जमिनीच्या तुलनेतला वेग) १२० नॉट्स, म्हणजे तासाला १२० सागरी मैल, असेल तर ५ मैलांना अडीच मिनिटं. तेवढ्यात ३,००० फूट घालवायचे, म्हणजे मिनिटाला १,२०० फूट. फायनल अप्रोच फिक्सनंतर ३ अंशांच्या उताराला लागतात जेमतेम ६०० (ग्राउंड स्पीडची पाचपट, हे तोंडपाठच हवं). म्हणजे विमान वेगात, पॉवर जवळजवळ बंद, आणि गिअर, फ्लॅप, ट्रिम, ब्रीफिंग सगळं एकाच जागी गोळा झालेलं. ९० नॉट्सला तोच दर ९०० वर येतो. सेसना १७२ ला ते झेपतं; निसरड्या, लवकर वेग न सोडणाऱ्या विमानात मी त्या वाटेला जाणार नाही.

एका फेरीला साधारण चार मिनिटं लागतात. मिनिटाला ५०० फुटांनी उतरलात तरी फिक्सवर परत येता ते नेमके ३,००० ला, आणि उरलेल्या हजार फुटांना मिनिटाला ४०० पुरतात. माझा कौल सरळ आहे: थेट जाताना दर १,००० च्या वर जात असेल तर फेरी घ्या.

अपवाद एक, आणि तो मोठा. ढगात पंखांवर बर्फ धरत असेल तर आणखी चार मिनिटं तिथेच घुटमळणं हा शहाणपणा नव्हे.

फेरी मात्र गुपचूप मारायची नाही. क्लिअरन्स मिळताच ‘उंची कमी करायला आणखी एक फेरी घेतोय’ असं कंट्रोलरला सांगावंच लागतं. ठरलेल्या उंचीवर आधीच असाल तर जादा फेरीची त्याची अपेक्षाच नसते. त्याने मागचं विमान तुमच्या भरवशावर सोडलेलं असू शकतं.

दोन्ही पर्यायांत एक गोष्ट सारखीच: क्लिअरन्स मिळाला म्हणजे वाटेल तितकं खाली जायची मुभा नाही. होल्डमध्ये ३,००० पर्यंतच. २,००० चा विचार होल्डचा फिक्स ओलांडून फायनल अप्रोच फिक्सकडे निघाल्यावर. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे निघालेलं टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीच्या फ्लाइट ५१४ चं बोइंग ७२७ अप्रोचचा क्लिअरन्स मिळताच १,८०० फुटांकडे उतरू लागलं आणि व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळलं. विमानातले सगळे ९२ जण गेले. चार्टवर छापलेल्या मार्गावर येईपर्यंत शेवटची दिलेली उंची सोडायची नाही, हा नियम त्यानंतर पक्का झाला.

भारतात परत येऊन परवाना बदलून घेणाऱ्यांनी घड्याळाची सवयही बदलावी. होल्डच्या फेरीतल्या सरळ बाजूला एक मिनिट धरतात; १४,००० फुटांपर्यंत अमेरिकेत ते फिक्सकडे येणाऱ्या बाजूवर मोजतात, इकाओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) पद्धतीत बाहेर जाणाऱ्या बाजूवर. वेगमर्यादाही वेगळी: अमेरिकेत ६,००० फुटांपर्यंत २०० नॉट्स, इकाओच्या नेहमीच्या होल्डमध्ये १४,००० पर्यंत २३०.