कोटासाठी घेतलेला स्टीमर: दिवाळीपासूनच्या वापरानंतर

जळगावच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे काळा कोट रोजचाच. तो सारखा ड्रायक्लीनला जायचा. ती फेरी कमी करायची म्हणून दिवाळीत हातात धरायचा स्टीमर घेतला. अख्खा उन्हाळा काढून सांगते, पैसे वसूल झाले.

मुळात ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी सॉल्व्हंट, म्हणजे मळ विरघळवणारं रसायन असतं. त्यातलं परक्लोरोएथिलीन, म्हणजे पर्क, बहुधा कर्करोगकारक मानलं जातं. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये ड्रायक्लीनिंगमधून ते 10 वर्षांत हद्दपार करायचा नियम केला. सर्वाधिक त्रास दुकानात दिवसभर त्याची वाफ श्वासात घेणाऱ्या कामगारांना, पण थोडं कपड्यांबरोबर घरीही येतं. 2011 मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाच्या चाचणीत लोकरीत ते उरलं आणि पुन्हा पुन्हा ड्रायक्लीन केल्यावर वाढत गेलं. रेशमात मात्र उरलं नाही. माझा कोट लोकरमिश्रित, म्हणून मी हे मनावर घेतलं.

कोट उलटा टांगून काखेत आणि कॉलरला अस्तराच्या बाजूने वाफ द्यायची, ब्रश फिरवायचा, रात्रभर गॅलरीत ठेवायचा. घामाचा वास जातो, चुण्याही जातात. डाग जात नाहीत. शेवभाजीच्या तर्रीचा थेंब तर वाफेने आणखी पक्का बसतो, त्याला दुकानच गाठावं लागतं. पैठणीच्या जरीवर थेट वाफ मारू नका, सुती कापड आड धरा. बोअरचं पाणी घातलं की क्षार साचतात आणि काळ्या कोटावर पांढरे ठिपके उडतात. मी आरओचंच घालते. टाकी फारच लहान, ही माझी खरी तक्रार.

जे कपडे दुकानात जातातच, त्यांच्यासाठी आधी विचारते, "भाऊ, कशात धुता?" आमचे भाऊ म्हणाले, एमटीओत, म्हणजे मिनरल टर्पेंटाइनमध्ये. ते पर्क नाही, पण रॉकेलसारखा वास येतो, तीही सॉल्व्हंटचीच वाफ. कपड्यांवरची प्लास्टिकची पन्नी तिथेच काढून देते. घरी आणून कपडे सावलीत, वाऱ्यावर, वास पूर्ण जाईपर्यंत टांगते. मे महिन्यात लवकर जातो, पावसाळ्यात पंख्याखाली जास्त दिवस लागतात. तोवर कपाटात ठेवत नाही, आणि उन्हात काचा लावलेल्या गाडीत तर मुळीच ठेवत नाही.

लग्नसराईत लहान मुलांसाठी भाड्याची शेरवानी आणणार असाल तर ऐनवेळी उचलू नका, एक-दोन दिवस आधी मागून घ्या, म्हणजे तीही वाऱ्यावर टांगता येईल. दुकानदार नाही म्हणत नाहीत.