वांद्र्याच्या रणवार पाखाडीतील वारसाफेरी: पाहण्याजोगे पुष्कळ, ऐकण्याजोगे त्याहून अधिक

वांद्रे पश्चिमेला हिल रोडची गर्दी मागे टाकून वेरोनिका स्ट्रीटकडे वळले की थोड्याच अंतरावर रणवार पाखाडी, म्हणजे जुन्या ख्रिस्ती घरांची वस्ती, लागते. या पाखाडीतून सुटीच्या दिवशी सकाळी निघणाऱ्या मार्गदर्शित वारसाफेरीत मी एप्रिलअखेर सहभागी झालो होतो. फेरी पैसे देऊन करण्याजोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्यातील सर्वांत मोलाच्या भागाला आयोजकांनी फारच थोडा वेळ दिला आहे.

मार्गदर्शक तरुणीची तयारी उत्तम होती. १५३४ मध्ये साष्टी बेट (वांद्रे याच बेटावर आहे) पोर्तुगीजांकडे गेल्यानंतर येथील अनेक शेतकरी, कोळी आणि भंडारी कुटुंबे ख्रिस्ती झाली. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत हा मुलूख मराठ्यांकडे आणि १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला, तरी पाखाड्यांचे जीवन भातशेती, मासेमारी आणि चर्च यांच्याभोवतीच फिरत राहिले. हे खेडे उपनगर कसे झाले, याचा उलगडा तिने विशेष चांगला केला. आवाबाई जमशेदजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बांधलेला माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये खुला होईपर्यंत मुंबई बेटावर जायला खाडी तरीने ओलांडावी लागत असे. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि मग शेताशेतांतून बंगले उभे राहू लागले. याच शतकात गोवा आणि मंगळूरकडून ख्रिस्ती नोकरदार मोठ्या संख्येने मुंबईत येऊ लागल्यावर येथील मूळ रहिवाशांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. सनावळ्या नुसत्या न सांगता ती त्यांची कारणेही सांगत होती, त्यामुळे ऐकणाऱ्यांपैकी कोणी कंटाळले नाही.

रणवारमधील जुनी घरे घाईने पाहू नयेत. उतरती कौलारू छपरे, लाकडी कठड्यांचे व्हरांडे आणि वरच्या मजल्यावर बाहेरूनच जाणारा जिना ही येथील घरांची ठेवण आहे. दार आणि रस्ता यांच्यात जेमतेम हातभर अंतर असल्यामुळे येणारा-जाणारा आपोआप घरातल्यांच्या बोलण्यात सामील होतो. वाटेतले क्रूसही असेच लोकांच्या वापरातले आहेत. १८९६ च्या प्लेगच्या साथीत, रोगापासून रक्षण व्हावे म्हणून वांद्र्यात ठिकठिकाणी क्रूस उभारले गेले; आजही त्यांच्यापुढे ताजे हार आणि मेणबत्त्या दिसतात. आमच्यातील एक-दोघे छायाचित्रासाठी क्रुसाच्या चौथऱ्यावर चढू लागले, तेव्हा मार्गदर्शक तरुणीने त्यांना नम्रपणे पण लगेच थांबवले. अशा फेऱ्यांमध्ये हे भान क्वचितच दिसते, म्हणून त्याची मुद्दाम नोंद करतो.

फेरीचा कळस म्हणजे एका ईस्ट इंडियन घरातील भेट. उन्हाळ्यात वर्षभराचा बॉटल मसाला करण्याची रीत आहे आणि आम्ही नेमके त्या दिवसांत गेलो होतो. सुपात वाळवलेल्या मिरच्या, शेजारी हळकुंडे, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर आणि भाजून घेतलेले गहू असा सगळा जिन्नस मांडलेला होता. कुटून झालेला मसाला गडद रंगाच्या बाटलीत थोडा थोडा घालून घरच्या वयस्कर बाई तो लाकडी काठीने दाबत होत्या. आत हवा राहिली तर मसाला टिकत नाही आणि उजेड लागला तर त्याचा रंग उतरतो, हे त्यांनी आपल्या मराठी बोलीत समजावले. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन आणायचे उंबराचे पाणी, वधूवरांना लावायचा नारळाचा रस, तेव्हा बायका म्हणत असलेली गाणी, हे सारे त्या रंगून सांगू लागल्या आणि नेमके तेव्हाच वेळ संपल्याची सूचना झाली. त्यांच्याकडे अजून तासभर सांगण्यासारखे होते आणि आम्हाला ते ऐकायचे होते.

वाचवलेला तो वेळ चॅपल रोडवरच्या भित्तिचित्रांपुढे खर्ची पडला. तेथील अनारकलीचे चित्र देखणे आहे, पण ते २०१२ मधले आहे आणि कोणीही आपले आपण जाऊन पाहू शकतो. दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. संपूर्ण निवेदन इंग्रजीत होते आणि त्या बाईंचे मराठी बोलणे सहभागींसाठी इंग्रजीत आणताना निम्मे गळून पडत होते. ज्या समाजाच्या चुली, गाणी आणि गाऱ्हाणी मराठीत आहेत, त्याची ओळख करून देणारी महिन्यातून निदान एक फेरी मराठीत असायलाच हवी. जुनी घरे पाडून इमारती का उठत आहेत, वाटण्या झालेल्या घराची दुरुस्ती एकट्या भावंडाला का झेपत नाही, याविषयीही एक अवाक्षर निघाले नाही. रहिवाशांशी दोन वाक्ये बोलले तरी हाच विषय प्रथम निघतो.

शुल्क मध्यम असून त्यात घरगुती फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आणि सरबत मिळते. फुगे गरम आणि हलके होते. ज्येष्ठांना चालणे जड जाणार नाही, परंतु मध्ये बसण्याची सोय नाही. मसाल्याचे काम पाहायचे असेल तर एप्रिल-मे गाठावा. सप्टेंबरमध्ये माउंट मेरीच्या जत्रेचा आठवडा टाळलेला बरा, कारण हिल रोडवरून चालणेही तेव्हा कठीण होते. नावनोंदणी करताना घरभेटीला किती वेळ राखला आहे, हे आयोजकांना आधी विचारून घ्यावे.