किगाली जेनोसाइड मेमोरियल: कारणं चोख, परिणाम उरकलेले

रवांडाच्या राजधानीत, गिसोझी टेकडीवरचं हे स्मारक 2004 मध्ये खुलं झालं. 1994 मध्ये हुतू कट्टरपंथीयांनी केलेल्या तुत्सी समाजाच्या वंशसंहाराचं हे स्मारक. आवारातल्या सामूहिक कबरींत अडीच लाखांहून अधिक बळी पुरलेले आहेत.

खरी ताकद आहे ती कारणांच्या मांडणीत. ‘जुनं टोळीवैर’ हे सोपं उत्तर इथे टिकत नाही. 1930च्या दशकात बेल्जियन राजवटीने ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापायला लावलं. 1994 मध्ये नाक्यानाक्यावर तेच कार्ड पाहून माणसं मारली गेली. हुतू कट्टरपंथीयांचा आरटीएलएम रेडिओ 1993 पासून तुत्सींविरुद्ध विष पेरत होता. आणि कत्तल ऐन भरात असताना संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना 270 जणांवर आणायचं ठरवलं! हे फलक सावकाश वाचा.

परिणामांचा भाग मात्र तोकडा. आरोपींचे खटले चालवणाऱ्या गावोगावच्या गचाचा लोकन्यायालयांबद्दल माहिती मिळते; पण झाइरेत (आजच्या काँगोत) पळालेले निर्वासित आणि त्यातून पेटलेलं काँगोचं युद्ध वेगळं वाचूनच समजून घ्यावं लागतं.

ऑडिओ गाइड घ्याच, निदान दोन तास ठेवा. मुलांचं दालन शेवटी बघा: फोटोखाली आवडता खाऊ, आवडतं खेळणं आणि कसं मारलं, असं लिहिलंय.