पावणेपंधरा हजारांचा डेस्कटॉप : आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये माझा लॅपटॉप बंद पडला. मी घरून मुद्रितशोधनाचं आणि पानं लावायचं काम करते, त्यामुळे कॉम्प्युटर बंद म्हणजे कामही बंद. दुरुस्तीला नऊ हजार सांगितले, तेही सात वर्षांच्या जुन्या मशीनसाठी. जवळ पंधरा हजार होते. एवढ्यात मला जो नवा लॅपटॉप दाखवला तो ४ जीबी रॅमचा होता, आणि रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. तीनशे पानांची पीडीएफ, शेजारी हस्तलिखिताचं स्कॅन आणि शब्दकोश एकदम उघडे ठेवायचे तर ते पुरणारं नव्हतं. म्हणून सेकंडहँड सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जोडायचं ठरवलं. तोवर मी कॅबिनेटचं झाकणसुद्धा कधी उघडलं नव्हतं. आता आठ महिने झाले, मशीन रोज आठ-नऊ तास चालतं. पहिल्या आठवड्यातच हे लिहायला बसले असते तर निम्मं चुकीचं लिहिलं असतं.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. यादी करायला बसलो तेव्हा तो म्हणाला, "आत्या, जे फिरतं ते आणि जे थेट लाइटच्या बोर्डाला लागतं ते जुनं घेऊ नकोस. बाकी बिनधास्त घे." फिरते ते हार्ड डिस्क आणि पंखे, लाइटला लागतो तो एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी बदलून देणारा डबा. प्रोसेसरमध्ये हलणारं काहीच नसतं, नेमून दिलेल्या व्होल्टेजवर चालला असेल तर बारा वर्षांनीही तो तीच गणितं त्याच वेगाने करतो. रॅमचंही तसंच. एसएमपीएसमधले कपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्या) मात्र उष्णतेने आतून हळूहळू सुकत जातात, आणि ते बाहेरून दिसेलच असं नाही. मला तेव्हा हे नुसतं कानावरून गेलं. दोन्ही बाबतीत मी पैसे वाचवायला गेले आणि दोन्ही ठिकाणी ते अंगाशी आलं.

मी कल्याणला राहते. दादरला उतरून पश्चिमेची स्लो धरायची, ग्रँट रोडला उतरायचं आणि पूर्वेला चालत लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण त्या नावाने विचारलं तर लोक दोनदा विचार करतात. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत काहीच घेतलं नाही, फक्त भाव विचारत फिरले, आणि ते फार बरं केलं. एकाच प्रोसेसरचा भाव चार दुकानांत ११०० पासून २२०० पर्यंत होता. जुन्या मालाला पक्कं बिल मिळत नाही, कागदाच्या चिठ्ठीवर सात दिवसांची 'टेस्टिंग वॉरंटी' लिहून मिळते. त्या चिठ्ठीवर तारीख, भागाचं मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. मी मागितलं तेव्हा दुकानदाराने कुरकुर न करता लिहून दिलं.

प्रोसेसर घेतला इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह ४५७०. २०१३ चा, चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्‌झ, १४०० रुपये. तो थंड ठेवायला कूलर वेगळा, २५० ला. तिसऱ्या पिढीचे याहून स्वस्त होते आणि सहाव्या पिढीचे मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मोठी पाटी) माझ्या हिशेबात बसत नव्हते. ४५९० ही त्याच भावात मिळत होता, वेग थोडा जास्त. पण ४५९० आणि ४७९० हे २०१४ मध्ये आलेले, आणि आधीच्या काळातल्या बोर्डांवर बायोस (बोर्डातला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट केल्याशिवाय ते चालू होत नाहीत. अपडेट करायला आधी जुना प्रोसेसर लागतो, तो माझ्याकडे कुठून येणार? ४५७० ला ही अडचण नाही.

मदरबोर्डाला वेळ द्या. इंटेलच्या या प्रोसेसरला खाली पिना नसतात, सपाट ठिपके असतात. पिना असतात बोर्डावरच्या सॉकेटमध्ये, केसासारख्या बारीक. त्यातली एक वाकली तरी एक रॅमचा स्लॉट मुका होतो किंवा मशीन सुरूच होत नाही. पहिल्या दुकानातला एच-८१ चिपसेटचा बोर्ड दिसायला नवाकोरा होता. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून सॉकेटचा फोटो काढला आणि तो मोठा करून पाहिला, तर एका कोपऱ्यात रांग मोडलेली. डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. छापील पानात ओळ किंचित सरकलेली शोधायची मला सवय आहे, ती इथे कामी आली. दुसऱ्या दुकानातला २३०० ला घेतला, कपॅसिटरची डोकी फुगलेली नाहीत ना तेही पाहून. एच-८१ वर रॅमचे दोनच स्लॉट आणि कमाल १६ जीबी, माझ्या कामाला भरपूर.

रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर-३ जातीच्या, १६०० वेगाच्या, मिळून १३००. इथे दोन सापळे आहेत. सर्व्हरमधून काढलेली रॅम निम्म्या भावात दाखवतात, ती साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही. दुसरी असते फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणारी ८ जीबीची पट्टी. ती इंटेलवर लावली तर पडदा काळाच राहतो. दुकानातच आपल्या बोर्डावर लावून दाखवायला सांगायचं, एवढं पुरे. घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवली. सकाळी चुका शून्य पाहिल्यावर निवांत वाटलं.

२५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, नवी घेतली, १६५० ला. कॅबिनेट ७०० ला, आत एसएमपीएससकट. तिथेच माझं चुकलं.

आधी पहिल्या दिवसाचं सांगते. रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. बोर्डाखाली पितळी स्पेसर, इंटेलच्या कूलरच्या चार खुंट्या कर्णरेषेत समोरासमोर दाबायच्या, मग पॉवर स्विचच्या वायरी. बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर काही नाही. दीड तास गेला. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवलं, स्लॉट बदलले, मॉनिटर बदलून पाहिला. शेवटी भाच्याला व्हिडिओ कॉल केला. त्याने कॅमेरा प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्याकडे न्यायला सांगितला आणि लगेच म्हणाला, "आत्या, चार पिनांची वायर कुठे आहे?" चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर मी लावला होता, पण प्रोसेसरला १२ व्होल्ट देणारा तो छोटा चौकोनी कनेक्टर केबलच्या जुडग्यात तसाच लोंबत होता. तो लावला आणि बायोसचा पडदा आला. पंखे फिरतात पण चित्र नाही, असं झालं की आधी हा कनेक्टर बघा.

आता एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर आलेल्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिलं होतं. चालतोय तर राहू दे म्हटलं. आठ-दहा दिवसांनी मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं, तेही नेमकं मोठी फाइल पीडीएफ करताना. मला वाटलं प्रोसेसर फसवा निघाला. मग डब्यावरचं बारीक छापलेलं कोष्टक वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा चौदे एकशे अडुसष्ट. आजच्या कॉम्प्युटरमध्ये खरा भार या १२ व्होल्टवरच असतो, म्हणजे ४५० च्या नावाखाली कामाचे वॉट १६८, आणि तेही डबा नवा असताना. हातात धरला तर खोक्यासारखा हलका. एटी प्लस (80 Plus, वीज कमी वाया जाते याचं) प्रमाणपत्र असलेला नवा ४५० वॉटचा घेतला, २६०० रुपयांना. त्याच्या १२ व्होल्टच्या रकान्यातला आकडा दुपटीहून जास्त आहे. त्या दिवसापासून एकदाही रीस्टार्ट नाही. संपूर्ण मशीनमधला सगळ्यात महाग भाग मॉनिटर, त्याखालोखाल हा. तसंच असायला हवं. हा डबा खराब झाला तर जाताना बोर्ड, रॅम आणि डिस्कही घेऊन जाऊ शकतो.

दुसरी चूक ४०० रुपयांची जुनी ५०० जीबी हार्ड डिस्क. कामाच्या जुन्या फाइलींसाठी घेतली. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट वापरते, त्यात 'डिस्क्स' नावाचं साधन आहे; डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती 'स्मार्ट' माहिती तिथे दिसते. डिस्क चालू राहिल्याचे तास होते सुमारे ३१,०००, म्हणजे अखंड साडेतीन वर्षं. तरी सेक्टर सगळे ठीक होते, म्हणून ठेवली. नोव्हेंबरमध्ये 'पेंडिंग सेक्टर' (डिस्कवरचे नीट वाचता न येणारे तुकडे) ८ दिसले, पंधरा दिवसांनी ४०. एका दिवाळी अंकाची अंतिम प्रत त्यावर होती. सुदैवाने तीच प्रत पेनड्राइव्हवरही होती, नाहीतर मी त्या संपादकांना काय तोंड दाखवलं असतं? डिस्क त्याच संध्याकाळी काढली. हे आकडे महिन्यातून एकदा बघायचे. शून्यावरून वर सरकायला लागले की वाट बघायची नाही.

मॉनिटर कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, २२ इंची, फुल एचडी, ३००० ला. सोबत निळ्या टोकाची व्हीजीए केबल मिळाली, तीच लावली. चार दिवस डोळे दुखले. चित्रं, व्हिडिओ छान दिसत, पण देवनागरी मजकुराला कडेने पुसट सावली. 'वर्षात' आणि 'वर्षांत' यांतला फरक कळेना, कारण 'र्षां'वर रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटतात आणि तिथेच ती सावली पडायची. माझं सगळं कामच त्या टिंबाचं आहे. २५० रुपयांची एचडीएमआय ते डीव्हीआय केबल आणली आणि अक्षरं स्वच्छ झाली. व्हीजीएत चित्र ॲनालॉग संकेताने जातं, मॉनिटरला ते पुन्हा ठिपक्यांत बसवावं लागतं, तिथे कडा विरघळते. मराठी वाचायचं-लिहायचं काम असेल तर बाकी काटकसर करा, ही केबल घ्याच.

विंडोजचं. चौथी पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसांतून हे प्रोसेसर बाहेर पडायला हेही एक कारण आहे, आपल्याला ते पथ्यावर पडतं. मी पहिल्या दिवसापासून लिनक्स मिंट २२ वापरते, त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. देवनागरी इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात आधीच असतो. लिबरऑफिस, फायरफॉक्स, मुक्त फाँट, सगळं चालतं. अडतं एकाच ठिकाणी : काही जुने प्रकाशक अजून युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या फाइली पाठवतात, त्या बदलून घ्याव्या लागतात. हा त्रास मशीनचा नाही, पण माझा आठवड्यातला एक तास त्यात जातो.

पावसाळ्यात एकदा सकाळी मशीन नुसतं बीप-बीप करत राहिलं. रॅम काढली, खोडरबर फिरवलं, सुरू. आमच्याकडे जुलैत भिंतीसुद्धा ओल्या लागतात. डिसेंबरात बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडेना, कुठलीच साइट उघडेना. मी इंटरनेटवाल्याला फोन करायच्या बेतात होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं : साल भलतंच जुनं. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपला होता; तारीखच चुकली की ब्राउझरला सगळी प्रमाणपत्रं खोटी वाटतात. तीस रुपयांत काम झालं. कूलर पहिल्यांदा लावताना प्रोसेसरवरची उष्णता कूलरकडे नेणारी, सुकलेली पेस्ट तशीच ठेवली होती, तेव्हा जड कामात तापमान ९५ अंशांवर जाई. पुसून १२० रुपयांची नवी पेस्ट लावली, आता ६८ च्या वर जात नाही.

वेगाबद्दल. बटण दाबल्यापासून काम सुरू व्हायला वीस सेकंद. तीनशे पानांची पीडीएफ सरकवताना अडखळत नाही. एसएसडी बोर्डावरच्या ६ गिगाबिटच्या पोर्टला लावा. एच-८१ च्या चार साटा (डिस्क जोडायच्या) पोर्टांपैकी दोनच तसे असतात. यूट्यूब १०८०पी ला नीट चालतं, ४-के ला नाही, कारण या प्रोसेसरच्या ग्राफिक्समध्ये व्हीपी-९ (यूट्यूब व्हिडिओ ज्या पद्धतीने आवळून पाठवतं ती) उलगडायची पूर्ण सोय नाही आणि सगळा भार कोअरवर येतो. ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही. भाच्याने आग्रह केला होता, पण मला गेम खेळायचे नाहीत, आणि त्या बाजारात जुन्या चिपवर नव्या मॉडेलचं नाव चढवलेली कार्डं फिरतात. घ्यायचंच असेल तर दुकानातच जीपीयू-झेड या कार्ड ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा, अशा कार्डापुढे ते 'फेक' लिहितं. विजेचा मीटर लावून पाहिलं : लिहिताना मॉनिटर धरून ५५ वॉटच्या आसपास. लॅपटॉपपेक्षा जास्तच, महिन्याला पंधरा युनिटच्या आत.

कीबोर्ड-माउस नवे, ७५०. सगळं धरून १४,७५०. यूपीएस घरात आधीपासून होता. नसेल तर तो खर्च यात धरा. ऑफिसातून निघालेला तयार डेस्कटॉप दोन-तीन हजार स्वस्त पडला असता आणि माझे तीन रविवार वाचले असते. ज्याला उद्याच काम सुरू करायचंय त्याने तोच घ्यावा. पण तशा बऱ्याच मशीनमध्ये एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. माझ्यासारखी एसएमपीएसची चूक तिथे झाली असती तर बाजारातला कुठलाही डबा आणून बसवता आला नसता. इथे प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो, आणि आठ महिन्यांत मी तेच करत आले आहे.

आता भाच्याला स्वतःसाठी जोडायचंय. त्याला सहाव्या पिढीचा ६५०० हवाय, पण डीडीआर-४ रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी जे चढले त्यामुळे आम्ही डीडीआर-३ चालणारा बोर्ड शोधतो आहोत. काल एक सापडला. विक्रेत्याकडे सॉकेटचा फोटो मागितलाय, टॉर्च तिरपा धरून काढलेला. तो आला की शनिवारी ग्रँट रोडला जाऊ.