‘वास न येणारा’ टी-शर्ट: नवा असताना झकास, पुढे?

पोटापाण्यासाठी मी कापड तपासते, त्यामुळे ‘९९% जिवाणूंचा नाश’ असं लिहिलेलं दिसलं की हात आधी आतल्या लेबलाकडे जातो. हा व्यायामाचा टी-शर्ट १००% पॉलिस्टर, त्यावर चांदीच्या क्षाराचं फिनिश, म्हणजे कापडावर दिलेली रासायनिक प्रक्रिया.

सुरुवातीला तक्रारीला जागाच नव्हती. घामेजलेला टी-शर्ट तसाच खुर्चीवर टाकला, तरी दुसऱ्या दिवशी नाक मुरडावं लागलं नाही. साध्या पॉलिस्टरकडून ही अपेक्षाच नको. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतो, तो जिवाणू तयार करतात. सुती तंतू कोरड्या वजनाच्या साधारण ८.५% ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४%. घाम तंतूत न शिरता फटींतून पसरतो नि उडून जातो, म्हणून हे कापड झटपट वाळतं. त्वचेचं तेल मात्र ते सोडता सोडत नाही, आणि दुर्गंधी तिथेच मुक्काम ठोकते. ओलावा मिळाला की फिनिशमधून चांदीचे आयन सुटतात आणि जिवाणूंना आवर घालतात.

पण सुटतात म्हणजे साठा संपतोही. आता धुऊन वाळवलेला टी-शर्ट हुंगला तर काही नाही. काखेवरून गरम इस्त्री फिरली की जुना वास भपकन वर येतो. पाठीवर, छातीवर अजूनही नाही. फिनिश किती धुण्यांपर्यंत टिकेल, हे लेबलावर कुठेच नाही. ९९% हा आकडा कुठल्या चाचणीतला, तेही नाही. एएटीसीसी १०० या कापडाच्या जिवाणूरोधक चाचणीत नमुन्यावर जिवाणू सोडून साधारण २४ तासांनी मोजतात. १० लाखांतले ९९% मेले तरी १० हजार उरतात! शिवाय नमुना कोरा होता की धुतलेला, यावर निकाल बदलतो. ते न सांगता आकडा मिरवणं मला पटत नाही.

शिवण चोख आहे, गळा सैलावलेला नाही.

घेतलाच तर उलटा करून धुवा. सॉफ्टनर टाळा, त्याचा थर तंतूवर बसतो. क्लोरीन ब्लीच तर नकोच. धुण्याची सोय नसलेल्या प्रवासाला हा टी-शर्ट उत्तम. रोजच्याला मी सुतीच घालेन, वाळायला वेळ लागला तर लागो. ५ पैकी ३ तारे. धुण्यांचा आकडा छापला असता, तर चौथाही दिला असता.